५० हर्ट्झची दांडी

मागच्या वर्षी एका मैत्रिणीचं गाणं मिक्स केलं, म्हणजे वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवले. गळा, अकूस्टिक गिटार, बेस, पियानो आणि थोडं पर्कशन, एवढाच पसारा. ऐकून ती म्हणाली, "अरे, मी तोंडावर पांघरूण घेऊन गातेय का?" मला बोलायला जागाच नव्हती. आवाजात ऊब हवी म्हणून मी सगळ्या ट्रॅकवर टेप सॅच्युरेशनचं प्लगिन, म्हणजे जुन्या टेपसारखा दाट आवाज देणारं सॉफ्टवेअर, लावलं होतं. बारा ट्रॅक, बारा टेप. गाणं गेलं बाराच्या भावात.

दोष प्लगिनचा नव्हता, माझ्या खुर्चीचा होता. हे कळायला फार दिवस लागले.

माझी खोली ३.४ मीटर लांब. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर एवढ्या लांबीत ५० हर्ट्झच्या आसपासची, म्हणजे बेसच्या खोल सुरांची, एक लहर ठाण मांडून बसते. दोन्ही भिंतींशी तिचा दाब सगळ्यात जास्त, मधोमध जवळपास शून्य. आणि मी बसायचो ते बरोबर मधोमध! म्हणजे माझ्या कानांपुरती ५० हर्ट्झची रोजचीच दांडी. बेस ऐकू येईना, म्हणून मी तो ५ डेसिबलनं चढवला. तेच गाणं गाडीत लावलं तर दारं थरथरली. घुमतंय म्हटल्यावर मी २०० ते ४०० हर्ट्झचा पट्टा दिसेल त्या ट्रॅकवरून छाटला, कारण 'लो-मिडमधला चिखल काढा' हा सल्ला जो तो देत असतो. चिखलाबरोबर गळ्याचं अंगही गेलं. गाणं खाली घुमतंय आणि वर किडकिडीत. आणि मग, ऊब आणायला, टेप.

आता खुर्ची समोरच्या भिंतीपासून साधारण १.३ मीटरवर असते. लांबीच्या ३८ टक्के, हा जुना ठोकताळा. बाजूच्या भिंतींवर १० सेंटिमीटर जाडीची, आवाज शोषणारी पॅनेल लावली, पण त्यांच्याकडून बेसची अपेक्षा ठेवू नये. ५० हर्ट्झची लहर सुमारे ७ मीटर लांब असते, ती १० सेंटिमीटरला काय दाद देणार! आवाजाचे परतणारे पडसाद मात्र शांत झाले आणि गळा नेमका कुठे उभा आहे ते दिसायला लागलं. हो, दिसायलाच.

मग सगळे ईक्यू, म्हणजे आवाजाचे पट्टे चढवणारे-छाटणारे फिल्टर, काढून टाकले आणि स्वतःला एकच प्रश्न विचारला: या गाण्यात ऊब कुणाच्या वाट्याला द्यायची? सगळ्यांनाच दिली की तोच चिखल. हे गाणं तिच्या गळ्याचं. म्हणून २५० हर्ट्झच्या आसपासची जागा गळ्याला दिली, तिथे काहीही छाटलं नाही. गिटार तिथेच ३ डेसिबल खाली घेतली आणि १२० हर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास फिल्टर लावला. गिटार सोलो करून, म्हणजे एकटीच, ऐकली तर केविलवाणी वाटते, पण सोलो गिटार ऐकणार कोण आहे? पियानोचा डावा हात बेसच्या अंगावर येत होता. तिथे ईक्यू चालेना, शेवटी तो एक सप्तक वर वाजवून घेतला.

दुसरं म्हणजे, ऊब पुष्कळदा वरून काढून मिळते. ३ हजार हर्ट्झच्या आसपास कान सगळ्यात हळवा असतो. गळ्यात तिथे जेमतेम दीड डेसिबल कमी केले आणि टोचणं थांबलं. खाली काहीही न वाढवता आवाज भरदार वाटायला लागला.

टेप एकाच ठिकाणी उरली, बेसवर. टेपमधून प्रामुख्याने तिसरा हार्मोनिक, मूळ सुराच्या तिप्पट कंपनांचा सूर, निघतो, म्हणजे ६० हर्ट्झच्या सुराबरोबर १८० हर्ट्झही येतो. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला ६० झेपत नाही, पण १८० पोचला तर कान खालचा सूर स्वतःच भरून घेतो.

आणि मोठ्यानं ऐकणं सोडलं. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की आवाज वाढला की कानाला बेस जास्त भरतो. मोठ्यानं सगळंच उबदार! आता गळा आणि बेसचा तोल ठरवताना आवाज इतका कमी ठेवतो की शेजारी बसून बोलता यावं.

मास्टरिंगला, म्हणजे मिक्सवरच्या शेवटच्या हाताला, फार काही उरलंच नाही. आधीचा मास्टर मी लिमिटरनं (आवाजाची टोकं दाबणाऱ्या साधनानं) दाबून -८ एलयूएफएसपर्यंत नेला होता; एलयूएफएस हे सरासरी मोठेपणाचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं गाणं मोठं. स्पॉटिफाय साधारणपणे -१४ ला आणून ठेवतं, म्हणजे पर्कशनची टोकं चेपून मिळवलेला मोठेपणा तिथे परत काढून घेतला जातो. या वेळी -१२ वर थांबलो, ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, -१ वर.

मैत्रिणीला नवीन फाइल पाठवली. तासाभरानं तिचा फोन आला. आवाजाबद्दल अवाक्षर नाही. "दुसऱ्या अंतऱ्यात मी एक शब्द चुकलेय रे. परत गाऊ का?"