दंडावर वण आहे, तरी वजन बघा

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं. डोळे, दात, कान सगळं तपासतात. मी मात्र वजनाची वही घेऊन डॉक्टरांशेजारी बसते, कारण लहान मुलाचा क्षय खोकल्याआधी वजनात दिसू शकतो.

चौथीतल्या एका मुलाचं वजन वर्षभरात वाढलंच नव्हतं. कानाखाली मानेला गाठ होती, न दुखणारी. आई म्हणाली, "बाई, जन्मल्या जन्मल्या लस दिलीय की त्याला. हा बघा वण." वण होताच. बीसीजीची लस तान्ह्या बाळाला मेंदूच्या आवरणाच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून वाचवते. त्यासाठी ती प्रत्येक बाळाला मिळालीच पाहिजे. पण तिचा जोर आयुष्यभर पुरत नाही. तमिळनाडूत चिंगलपेटला १९६८ साली सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत, मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयावर ती उपयोगी पडली नाही.

ग्रामीण रुग्णालयात सुईने गाठ तपासली. क्षयच निघाला. मग आशाताई घरी गेल्या, कारण पोराला क्षय बहुतेक वेळा मोठ्या माणसाकडूनच लागतो. चुलता मुंबईला माथाडी काम करून परतलेला, त्याचा खोकला घरात सगळ्यांनी तंबाखूवर ढकललेला. त्याच्या थुंकीत जंतू सापडले. धाकटी बहीण तीन वर्षांची, तिला आजार नव्हता. तिला प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या. शाळेतल्या एका वजनकाट्यामुळे ती वाचली, असं मी ठामपणे म्हणते.

दोन पालक म्हणाले, त्याला वर्गात बसवू नका. गाठीचा क्षय शेजारच्याला लागत नाही, हे त्यांना डॉक्टरांकडूनच ऐकवलं. मुलगा आपल्या बाकावरच बसला. औषधं सहा महिने, सगळी फुकट, आणि क्षयरुग्णाच्या खाण्यापिण्यासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये खात्यात.

सरसकट प्रत्येक मुलाला टोचून मॅन्टू चाचणी (क्षयाचे जंतू अंगात शिरलेत का, ते बघणारी) करा, असं माझं म्हणणं नाही. ती घरात रुग्ण असलेल्या मुलांसाठी ठेवावी; टोचल्यावर ४८ ते ७२ तासांत परत दाखवायला जावं लागतं, तेही आईबापांना नीट सांगावं. पण वजन वर्षातून एकदा, तेही स्वेटर-बूट घालून घाईत केलेलं, मला मान्य नाही. आम्ही आता दर महिन्याला करतो. सोबत दोनच प्रश्न: दोन आठवड्यांवर ताप-खोकला आहे का, आणि घरात कोण खोकतंय? दुसऱ्या प्रश्नाला पोरं मोठ्या माणसांपेक्षा खरं उत्तर देतात.