बत्तीस एमबी काढल्यावर वेग आला

सप्टेंबर १९९८. गणपती नुकतेच होऊन गेले होते आणि पुण्यातल्या अक्षरजुळणीच्या दुकानांत दिवाळी अंकांची लगीनघाई सुरू झाली होती. मी तेव्हा संगणक जोडून देण्याचे आणि दुरुस्तीचे काम करत असे. सदाशिव पेठेतल्या एका मुद्रक काकांकडे मीच जोडून दिलेला, २०० मेगाहर्ट्झच्या पेंटियम एमएमएक्सचा संगणक होता आणि विंडोज ९५, पानांची मांडणी करणारा पेजमेकर व मराठी अक्षरांसाठीची श्रीलिपी यांवर त्यांचे सगळे काम चाले. चित्रांच्या पानांना ३२ एमबी रॅम पुरत नव्हती, म्हणून काकांनी ६४ एमबीची नवी पट्टी घेतली आणि ती मी रिकाम्या स्लॉटमध्ये बसवली. संगणक सुरू होताना पडद्यावरचा केबीतला आकडा ९८३०४ वर, म्हणजे ९६ एमबीवर जाऊन थांबला, तेव्हा काकांचा चेहरा खुलला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला. जाऊन पाहतो, तर जुळणी करणाऱ्या ताई म्हणाल्या, “दादा, मोठी फाइल उघडताना डिस्कची घरघर थांबली हे खरे, पण साधे मजकुराचे पान उलटायला कालपेक्षा जास्त वेळ लागतो.” वर्षभर त्याच यंत्रावर रोज आठ तास काम करणाऱ्या व्यक्तीचा हा अंदाज होता. तो चुकीचा असेल असे मला एकदाही वाटले नाही.

पहिला संशय अर्थातच नव्या पट्टीवर आला. मी दोन्ही पट्ट्यांच्या जागा बदलल्या, बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीत, रॅमची वेळमापने पाहिली, कॅश ही वेगवान मधली मेमरी चालू असल्याची खात्री केली आणि विषाणूंची तपासणीही केली, पण फरक पडला नाही. शेवटी बॅटरीच्या उजेडात मदरबोर्डवरची मोठी चिप निरखली. तिच्यावर ८२४३९टीएक्स असे कोरलेले होते, म्हणजे इंटेलचा ४३०टीएक्स हा चिपसेट, प्रोसेसर आणि मेमरी यांची सांगड घालणाऱ्या चिपांचा संच. बोर्डाची पुस्तिका काकांच्या कपाटात होती. “कमाल मेमरी २५६ एमबी” हे वाक्य मी खरेदीच्या वेळी वाचले होते आणि तिथेच थांबलो होतो. पुढच्या एका पानावर मात्र कॅशची मर्यादा ६४ एमबी अशी स्वतंत्र नोंद होती.

या एका नोंदीत सगळे उत्तर होते. त्या काळच्या या बोर्डांवर प्रोसेसर आणि रॅम यांच्या मध्ये ५१२ केबीची वेगवान कॅश मेमरी असे, आणि तिच्यातला कोणता मजकूर मुख्य मेमरीतल्या कोणत्या पत्त्यावरचा आहे याची खूण टॅग रॅम नावाच्या लहानशा मेमरीत ठेवली जाई. खुणेसाठी राखलेले बिट मोजकेच असल्यामुळे ठरावीक पत्त्यापलीकडची खूण ठेवताच येत नसे. टीएक्समध्ये ही सीमा ६४ एमबी होती. आधीच्या ४३०एचएक्सवर जादा टॅग चिप बसवली, तर ती ५१२ एमबीपर्यंत जाई. टीएक्स घरगुती आणि स्वस्त संगणकांसाठी होता आणि १९९७ साली तेवढी रॅम घरी कोण लावणार होते? सीमेपलीकडची रॅम चालते, पण तिच्यातला प्रत्येक शब्द थेट संथ मुख्य मेमरीतून आणावा लागतो. त्यात विंडोज ९५ मेमरी वरच्या टोकाकडून वाटायला सुरुवात करते. त्यामुळे ताईंचे रोजचे काम नेमके कॅशबाहेरच्या ३२ एमबीत जाऊन बसत होते.

पट्टी काढण्याआधी मला खात्री करून घ्यायची होती. सिस्टिम.आयएनआय या विंडोजच्या मांडणीच्या फाइलच्या ३८६ईएनएच विभागात मॅक्सफिजपेज=४००० अशी एक ओळ लिहिली. षोडशमान पद्धतीत ४००० म्हणजे १६,३८४ पाने, आणि प्रत्येक पान ४ केबीचे. गुणाकार बरोबर ६४ एमबी येतो. म्हणजे पट्ट्या जागेवर ठेवूनही विंडोजला सीमेपलीकडे जाऊ द्यायचे नाही. संगणक पुन्हा सुरू केला. ताईंनी तीच फाइल उघडली, आठ-दहा पाने उलटली आणि “आता बरोबर आहे,” एवढेच म्हणाल्या.

मग जुनी ३२ एमबीची पट्टी काढली, ती ओळ पुसली आणि ६४ ची एकटीच ठेवली. आकडा ६५५३६ वर थांबला. काकांना हे पटवणे मात्र जड गेले, कारण पैसे देऊन वाढवलेल्या वस्तूतली एक काढल्यावर यंत्र सुधारते, हे कोणाही व्यवहारी माणसाला विपरीतच वाटणार. मी त्यांच्यासमोर पट्टी पुन्हा लावून दाखवली आणि पुन्हा काढली. त्यानंतर त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, अँटिस्टॅटिक पिशवीत घालून टेबलाच्या खणात ठेवली आणि चहा सांगितला.

त्याच आठवड्यात असेच बोर्ड असलेल्या आणखी दोन गिऱ्हाइकांकडे मी न बोलावता गेलो, कारण त्यांच्याही संगणकांत मीच ९६ एमबी करून दिले होते. पुढे टीएक्स बोर्ड बसवलेल्या प्रत्येक कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मी एक चिठ्ठी चिकटवू लागलो: ६४ च्या वर रॅम लावू नये.