तिन्ही खुंट्या भरलेल्या, आणि ग्रॅनलंड अजून हातात

मंडळी, आपण एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचा, 2024-25 चा हंगाम एकेक संघाचे मॅनेजर होऊन पुन्हा खेळतोय, आणि मागच्या नोंदीत मी मोठ्या खुशीत लिहिलं होतं की माझा खेळाडू ग्रॅनलंड विकायचा सौदा जवळपास ठरला. तो शनिवारी फुटला. दोन शनिवार-रविवार घातलेला सौदा आपल्या खेळात सौदे तपासणाऱ्या अंपायरने चार मिनिटांत बाद केला, आणि त्याचं बरोबर होतं.

खेळातला आपला दिनांक सध्या 30 जानेवारी 2025. माझ्याकडे सॅन होजे शार्क्स, तळाला. ग्रॅनलंडचा करार वर्षाला 5 मिलियन डॉलरचा आणि याच उन्हाळ्यात संपणारा. मी डॅलसवाल्याला सांगितलं होतं की निम्मा पगार मी धरतो, तू 2.5 मिलियनवर ने, आणि मला ड्राफ्टमधला (नवे खेळाडू निवडायच्या फेऱ्यांतला) पहिल्या फेरीचा पिक व एक चांगला प्रॉस्पेक्ट (होतकरू तरुण खेळाडू) दे. तो प्रॉस्पेक्टवर अडला होता, पण तयार होत आला होता. कॉलवर मी सौदा वाचून दाखवला. अंपायरने विचारलं, "तुझ्या खुंट्या किती मोकळ्या?" मी म्हटलं एक. त्याने माझ्या मागच्या सॉफ्टबोर्डकडे बोट केलं. तिथे मीच सप्टेंबरात लावलेल्या तीन पितळी पिना होत्या आणि तिन्हींखाली पगाराचा भाग धरून आधीच विकलेल्या तिघांच्या चिठ्ठ्या होत्या: बर्न्स, कार्लसन, हर्टल.

नवीन आलेल्यांसाठी एवढंच, की विकलेल्या खेळाडूच्या पगाराचा काही भाग आपल्याच खात्यावर धरणं म्हणजे रिटेन्शन, आणि त्याच्या स्लॉटला आपण खुंटी म्हणतो. एका संघाला एका वेळी तीनच. एका करारातला जास्तीत जास्त निम्मा भाग धरता येतो, आणि धरलेली एकूण रक्कम कॅपच्या (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेच्या) 15 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. 2024-25 ची कॅप 88 मिलियन, म्हणजे मर्यादा 13.2 मिलियन. माझे तिन्ही मिळून जेमतेम 5.6 होतात. पैशाची मर्यादा कोसभर लांब आहे, आकड्याची भरली आहे. खुंटीवर 50 टक्के टांगा किंवा 13 टक्के टांगा, खुंटी अडते ती अख्खीच.

कार्लसनबद्दल म्हणूनच मला इतकं वाईट वाटतं. 11.5 मिलियनच्या करारातले फक्त दीड मिलियन धरले, आणि खुंटी गेली 2027 पर्यंत. ऑगस्ट 2023 च्या त्याच ट्रेडमध्ये पिट्सबर्गकडून ग्रॅनलंड आला. ज्या सौद्याने तो मिळाला त्याच सौद्याने त्याला पगार धरून विकायची वाट बंद केली. हर्टलचं तसंच. मार्च 2024 मध्ये डेडलाइनच्या, म्हणजे हंगामात ट्रेड करायच्या शेवटच्या, दिवशी वेगासला देताना 8.1375 मिलियनमधले 17 टक्के धरले, आणि तो करार 2030 पर्यंत चालतो. बर्न्सचे 34 टक्के, म्हणजे 2.72 मिलियन, 2022 पासून. यातली बर्न्सची खुंटी सर्वांत आधी सुटते, 30 जून 2025 ला. डेडलाइन 7 मार्चला.

आता मला एक खुंटी मोकळी दाखवणारी माझ्या हिशेबाच्या शीटमधली चूक, कारण ती तुमच्यापैकी काहींच्या शीटमध्येही असणार. माझा साचा बऱ्याच जणांनी उतरवून घेतलाय. 'करार संपतो' या रकान्यात मी नुसतं वर्ष लिहीत होतो. त्यापुढचं सूत्र त्या वर्षाची तारीख 1 जानेवारी धरत होतं. डिसेंबरात तपासलं तेव्हा तीन खुंट्या भरलेल्या दिसत होत्या. खेळातलं कॅलेंडर 2025 मध्ये शिरलं आणि बर्न्सची ओळ गुपचूप हिरवी झाली. 2025 हे वर्ष जिथे जिथे आहे तिथे हाच घोळ. मी रविवारी 32 संघांच्या सगळ्या ओळींत 30 जून अशी पूर्ण तारीख घातली. तुम्हीही घाला, सौदा ठरवण्याआधी.

कॅपफ्रेंडली (करार आणि कॅप दाखवणारं संकेतस्थळ) असतं तर ही वेळ आली नसती, असं मला राहून राहून वाटतं. वॉशिंग्टन कॅपिटल्सने ते विकत घेतलं आणि जुलै 2024 मध्ये ते आपल्यासाठी बंद झालं, तेव्हापासून मी सगळं हाताने उतरवतो. तसलंच दुसरं संकेतस्थळ पकपीडिया चांगलं आहे, रिटेन्शनची माहिती तिथे नीट मिळते आणि मी तेच वापरतो. पण कॅपफ्रेंडलीवर संघाचं पान उघडलं की एका नजरेत सगळा संसार दिसायचा, ती सवय डोळ्यांना अजून आहे. बाकी फोनवरच्या एका ट्रेड कॅल्क्युलेटरने माझा हा बाद सौदा बिनदिक्कत मंजूर केला होता. खुंट्या मोजतच नाही ते. काढून टाकलं.

तर प्रश्न असा: खुंटी नसताना म्हातारे विकायचे कसे?

पहिला विचार अर्थातच दलालाचा. तिसरा संघ मध्ये घालायचा, त्याने पगार धरायचा आणि खेळाडू पुढे पाठवायचा. याचा नमुना म्हणून आपण सगळे ख्रिस टॅनेव्हचा सौदा पाठ करतो. फेब्रुवारी 2024, करार 4.5 मिलियनचा. कॅल्गरीने निम्मा धरला, उरलेल्याचा निम्मा न्यू जर्सीने धरला, आणि डॅलसच्या गळ्यात फक्त 1.125 मिलियन पडले. न्यू जर्सीला त्याबद्दल चौथ्या फेरीचा पिक मिळाला. माझी अडचण अशी की माझ्या बाजूचा पहिला अर्धा मी धरू शकत नाही. दलालाने एकट्याने पूर्ण 2.5 धरायचे. (2025-26 पासून दोनदा रिटेन्शन करायचं तर मध्ये 75 दिवसांचं अंतर लागतं, पण आपण जुन्या नियमांनी खेळतोय, आणि इथे रिटेन्शन एकदाच आहे, त्यामुळे तो मुद्दा नाही.)

अ‍ॅनाहाइमवालीकडे कॅपही आहे आणि खुंट्याही. तिने दुसऱ्या फेरीचा पिक मागितला. मला जास्त वाटला, म्हणून हिशेब मांडला. हंगाम 192 दिवसांचा. आज, 30 जानेवारीला, 78 दिवस उरलेत, म्हणजे 2.5 मिलियनमधले तिच्या अंगावर 10 लाख डॉलर्सच्या थोडे वर पडतात. 7 मार्चला 42 दिवस उरतील, तेव्हा तेच साडेपाच लाखांच्या आत येतात. दलाली उशिरा स्वस्त. मी तिला म्हटलं, मार्चमध्ये चौथ्या फेरीवर करशील का? ती म्हणाली, "मार्चमध्ये माझ्या दारात रांग असेल, तेव्हा भाव मीच ठरवीन." तिचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काही नव्हतं.

दुसरा विचार वजन घेण्याचा. खरेदीदाराकडून संपत येणारा एखादा करार परत घ्यायचा म्हणजे त्याची कॅप मोकळी होते. खुंटी लागत नाही. पण डॅलसवाला म्हणाला की माझ्याकडे फेकण्यासारखं कुणी नाही, जे आहेत ते खेळतात. तिथे मी अडकलो. तीन संध्याकाळी अडकलो.

मंगळवारी सकाळी मार्ग सापडला. सध्या मी जुने सामने पुन्हा बघतोय, त्या हंगामात बघायचो तसेच, सकाळी साडेआठ-नऊला चहाबरोबर, कारण सॅन होजेची संध्याकाळ म्हणजे पुण्याची दुसऱ्या दिवशीची सकाळ. टेबलावर खरेदीदारांची कार्डं पसरली होती. प्रत्येक संघाचं एक कार्ड, आणि कोपऱ्यात मी पेन्सिलीने 'ए' किंवा 'एल' लिहिलेलं. 'ए' म्हणजे दररोज न वापरलेली कॅप साठवणारा, 'एल' म्हणजे एलटीआयआरवर गेलेला, म्हणजे खेळाडू दीर्घकाळ जखमींच्या यादीत टाकून त्याबदल्यात कॅपच्या वर जागा मिळवणारा. चहाचा कप ठेवायला मी कार्डं सरकवली आणि सगळे 'एल' एका बाजूला आले. डॅलस त्यात वर होतं.

आपण महिनोन् महिने एकच वाक्य म्हणतोय: डेडलाइनपर्यंत थांबा, कॅप साठते, खेळाडू स्वस्त पडतो. हे 'ए' संघाचं सत्य आहे. ज्याच्याकडे पहिल्या दिवसापासून 1 मिलियनची जागा आहे, तो 7 मार्चला 192 भागिले 42 या हिशेबाने 4.57 मिलियनचा करार उचलू शकतो. त्याला थांबण्यात प्रचंड फायदा. 'एल' संघाचं तसं नाही. एलटीआयआरच्या जागेत कराराची पूर्ण वार्षिक रक्कम बसावी लागते. आज बसत असेल तर आज बसते, मार्चमध्येही तेवढीच बसते. थांबून त्याचा एक डॉलरही वाचत नाही, उलट 36 दिवस तो त्या खेळाडूशिवाय खेळतो.

आणि डॅलसकडे टायलर सेगिन आहे. 9.85 मिलियन, डिसेंबरात नितंबाची शस्त्रक्रिया झालेला, एप्रिलपर्यंत तरी न येणारा. ती सगळी रक्कम हातात पडत नाही हे खरं, एलटीआयआरवर टाकताना तुम्ही कॅपला किती चिकटून होतात त्यावर ते ठरतं. तरी जागा मोठी आहे. शिवाय हेइस्कानेन 28 तारखेला वेगासविरुद्ध जखमी झालाय, म्हणजे बचावफळीला भोक पडलं. डॅलसवाल्याला माझ्या रिटेन्शनची गरज मुळातच नव्हती! मी त्याला सवलत देऊ करत होतो आणि तो सवलत मिळतेय म्हणून घेत होता.

वेगासला हर्टल गेला तेव्हाही त्यांचा मार्क स्टोन एलटीआयआरवर होता. नमुना माझ्या बोर्डावरच टांगलेला होता.

मंगळवारी रात्री फोन लावला. म्हटलं, पगार पूर्ण तू घ्यायचा, पण ग्रॅनलंडबरोबर सीसीही देतो. सीसी 3.25 मिलियन, उजव्या हाताचा बचावपटू, करार याच हंगामात संपणारा. दोघे मिळून 8.25. त्याने शीट उघडली, बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "बसतात रे." त्याला हेइस्कानेनच्या जागी मिनिटं खाणारा माणूस हवाच होता. प्रॉस्पेक्टचा हट्ट मी सोडला. पहिल्या फेरीचा पिक घेतला आणि वर 2026 ची चौथी फेरी मागितली. तो म्हणाला, ती नाही माझ्याकडे. कुठे गेली? न्यू जर्सीला, टॅनेव्हच्या दलालीत. ज्या सौद्याचा आपण धडा गिरवतो त्याची पावती अशी समोर आली. मग दुसऱ्या वर्षाची चौथी घेतली. अंपायरने या वेळी खुंट्या, करारांच्या तारखा, सगळं तपासलं आणि शिक्का मारला.

प्रत्यक्षातही शार्क्सच्या जनरल मॅनेजर माइक ग्रिअरने 1 फेब्रुवारीला याच दोघांना डॅलसलाच दिलं होतं आणि पहिल्या फेरीचा पिक मिळवला होता. आपल्या नियमानुसार पुढचं माहीत नसल्यासारखं खेळायचं, आणि मी खरोखरच वेगळ्या वाटेने निघालो होतो. फिरून त्याच दारात पोचलो. त्या वेळी मला वाटलं होतं, पाच आठवडे आधी विकायची घाई कशाला. आता कळतं की त्याच्या खुंट्या भरल्या होत्या आणि खरेदीदार 'एल' होता. ग्रॅनलंडने शार्क्सकडून त्या हंगामात 52 सामन्यांत 45 गुण केले होते. अशा माणसाला मार्चपर्यंत ठेवून एखादा पक (खेळायची रबरी चकती) पायावर बसला असता तर हातात काहीच राहिलं नसतं.

बाकीच्यांचं थोडक्यात. स्टर्म 2 मिलियन, कुनिन 2.75, दोघांचेही करार संपतायत. हे 'ए' संघांना 7 मार्चला विकायचे. विनिपेगवाला रोज जागा साठवतोय, त्याला फेसऑफ (पक टाकून खेळ सुरू करतानाची झटापट) जिंकणारा हवाय, आणि स्टर्म त्यात पक्का आहे. व्लासिकला हात लावत नाही. 7 मिलियन, 2026 पर्यंत, खुंटी असती तरी कुणी घेतला नसता. पण 1300 च्या वर सामने आणि सगळे याच एका जर्सीत, त्याचं कार्ड मी विक्रीच्या ढिगात ठेवलेलंच नाही. सॅन होजेजवळ सनीव्हेलला असताना मी त्याला पहिल्यांदा प्रत्यक्ष बघितलं. तो पकसमोर काठी कशी ठेवायचा हे बघायलाच मी त्या कोपऱ्यातलं तिकीट काढायचो.

राहिला वॉलमन. 3.4 मिलियन, आणि त्याचा करार 2026 पर्यंत. जून 2024 मध्ये डेट्रॉइटने त्याला न्यावं म्हणून आपल्यालाच वर दुसऱ्या फेरीचा पिक दिला होता, आणि आज तो माझा सर्वांत महाग माल आहे. माझा बेत त्याला शेवटच्या दिवसापर्यंत ठेवायचा होता. मात्र हे लिहितानाच एडमंटनचं कार्ड पुन्हा उलटून बघितलं. कोपऱ्यात 'एल'. एव्हँडर केन, 5.125 मिलियन, हंगाम सुरू झाल्यापासून बाहेर. म्हणजे एडमंटनवालीलाही थांबण्यात कॅपचा काही फायदा नाही. शिवाय वॉलमन घेणाऱ्याला एकाच भावात दोन प्लेऑफ मिळतात.

पण ग्रॅनलंडसारखी घाई इथे करावी का? त्याच्या कराराला अजून एक वर्ष आहे, मार्चमध्ये नाही विकला तर उन्हाळ्यात विकता येईल, आणि तोवर बर्न्सची खुंटी मोकळी असेल. तेव्हा निम्मा पगार धरून 1.7 मिलियनचा वॉलमन बाजारात आणता येतो. हा विचार आत्ताच सुचला आणि त्याने माझा भाव चढला. मला विकायची गरज नाही, म्हणजे आता मागायला हरकत नाही. एडमंटनवाली उद्या सकाळी साडेसातला कॉलवर येते, तिकडे तेव्हा रात्र असते. पहिल्या फेरीपासून सुरुवात करणार, त्याखाली उतरणार नाही. बोर्डावर बर्न्सच्या चिठ्ठीवर लाल शाईने 30 जून लिहून ठेवलंय.