ग्रोथ कर्व्हचा दिवस : ई. कोलाय किती मिनिटांत दुप्पट होतो?

एमएस्सी मायक्रोबायोलॉजीला ग्रोथ कर्व्हचं (जिवाणूंची वाढ वेळेनुसार मोजून आलेख काढायचं) प्रॅक्टिकल म्हणजे अख्ख्या दिवसाचा खेळ. दर वीस मिनिटांनी सॅम्पल काढायचं, त्यामुळे कुणी जेवायचं आणि कुणी पिपेट धरायची हे आमच्या गटानं सकाळीच ठरवून टाकलं. त्यात कोल्हापुरातला जुलै. बाहेर धो धो पाऊस, आणि लॅबचे मामा दर तासाला बजावत होते, "हात चालवा पोरींनो, लाईट गेली की शेकर थांबतोय." शेकर (फ्लास्क उबेत हलवत ठेवणारं यंत्र) थांबला की फ्लास्कमधली हवा कमी पडते, तापमानही उतरतं आणि वाढ मंदावते. त्यामुळे मामांची घाई रास्तच होती.

आदल्या रात्री लावलेलं ई. कोलाय या जिवाणूचं कल्चर सकाळी ताज्या, 37 अंशांवर गरम करून ठेवलेल्या न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या पोषक द्रवात) टाकलं, ते 600 नॅनोमीटरला ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे गढूळपणाचं माप) 0.05 येईल इतकंच. ब्लँकला, म्हणजे मशीनचं शून्य लावायला, तोच ब्रॉथ घ्यायचा, साधं पाणी नाही, कारण ब्रॉथचा पिवळसर रंगही रीडिंगमध्ये धरला जातो. पहिला अर्धा तास काटा जवळपास जागचा हलला नाही. हाच लॅग फेज, वाढ सुरू होण्याआधीचा टप्पा. तासाभरानं ओडी 0.10 झाला आणि मग वेग धरला. 140 मिनिटांनी फ्लास्क तांदळाच्या पेजेसारखा गढूळ दिसत होता आणि मशीननं 0.61 दाखवलं.

हा आकडा तसाच लिहून मोकळं व्हायचं नाही. स्पेक्ट्रोफोटोमीटर पेशी मोजत नाही, पेशींमुळे किती प्रकाश विखुरला ते मोजतो. कल्चर दाट झालं की विखुरलेला प्रकाश पुन्हा डिटेक्टरपर्यंत पोचतो आणि रीडिंग कमी येतं. साधारण 0.4 च्या वर गेलं की आम्ही ब्रॉथ घालून चौपट पातळ करत होतो. तसं केल्यावर 0.19 आलं, म्हणजे गुणिले 4, 0.76. एकाच नळीचे 0.61 आणि 0.76 असे दोन आकडे बघून गटातल्या एकीनं मशीनलाच नावं ठेवली.

ओडीत मेलेल्या पेशीही मोजल्या जातात. जिवंत किती ते कळायला प्लेट काउंटच लागतो, म्हणजे कल्चर पातळ करून प्लेटवर पसरायचं आणि उगवलेले ठिपके, म्हणजे कॉलनी, मोजायच्या, आणि खरी कसोटी तिथंच. सॅम्पल काढलं की लगेच बर्फात ठेवायचं, नाहीतर डायल्युशन करेपर्यंत त्यात आणखी वाढ होते. मग 0.85 टक्के सलाईनच्या नळ्यांत 1 मिली कल्चर आणि 9 मिली सलाईन, मग त्यातलं 1 मिली पुढच्या नळीत, असं दर पायरीला दहापट पातळ. आमच्या स्टँडमध्ये 10 मिली भरलेल्या नळ्याही मिसळल्या होत्या. दिसायला फरक काहीच नाही. पण 10 मध्ये 1 मिली घातलं की दहापट नाही, अकरापट पातळ होतं, आणि सहा पायऱ्यांनंतर हिशेब 1.77 पटीनं चुकतो. प्रत्येक नळीची पातळी बघूनच त्या उचलल्या. दर पायरीला टिप नवी, आणि व्होर्टेक्सवर (नळी गरगर ढवळणाऱ्या यंत्रावर) ढवळणं नीट.

दुसऱ्या दिवशी प्लेट मोजल्या. 30 ते 300 च्या दरम्यान कॉलनी असलेल्याच प्लेट धरायच्या. 60 मिनिटांच्या सॅम्पलची 10⁻⁵ ची (लाखपट पातळ केलेली) प्लेट 84 कॉलनींची निघाली, 140 मिनिटांची 10⁻⁶ ची प्लेट 62 ची. प्रत्येक प्लेटवर 0.1 मिली पसरलेलं, म्हणून मिलीमागे 8.4 × 10⁷ आणि 6.2 × 10⁸.

आता गणित. दोन्हींचे लॉग 7.924 आणि 8.792, वजाबाकी 0.868. त्याला 0.301 नं, म्हणजे लॉग 2 नं भागलं की 2.88 पिढ्या, म्हणजे पेशी तितक्या वेळा दुप्पट झाल्या. 80 मिनिटांत 2.88, म्हणजे एक पिढी जेमतेम 28 मिनिटांची. पुस्तकातल्या 20 मिनिटांपेक्षा जास्त, पण ते 20 चांगल्या सकस मीडियात आणि भरपूर हवेत. साध्या न्यूट्रिएंट ब्रॉथला 28 मला तरी वाईट वाटलं नाही.

मॅडमनी जर्नल बघून एकच विचारलं, "शून्य मिनिटापासून का नाही धरलंस?" मी ते काढूनच ठेवलं होतं. सुरुवातीचा काउंट 4.1 × 10⁷ धरला तर पिढी 36 मिनिटांची येते, कारण त्यात लॅगचा रिकामा वेळ मिसळतो. सेमी-लॉग पेपरवर (उभी पट्टी लॉगची असलेल्या आलेख-कागदावर) जिथं बिंदू सरळ रेषेत येतात तेवढेच घ्यायचे. पुस्तकात आपण चार टप्पे शिकतो, पण फ्रेंच जीवशास्त्रज्ञ जाक मोनो यांनी 1949 च्या लेखात सहा मांडले होते. लॅग आणि लॉग (भराभर दुप्पट होण्याचा टप्पा) यांच्या मधला वेग घेण्याचा टप्पा त्यांनी वेगळा धरला, आणि रेषेला बाक असतो तो नेमका तिथंच. मॅडमनी सही केली, वर "ग्राफला शीर्षक दे" असा शेराही मारला.

पुढच्या प्रॅक्टिकलला हाच कोलाय ग्लुकोजच्या मिनिमल मीडियात (फक्त ग्लुकोज आणि क्षार असलेल्या द्रवात) वाढवायचा आहे. तिथं एका पिढीला तासाभराच्या आसपास लागतं, म्हणजे डबा दोन वेळचा न्यावा लागणार.