पट्टीतले साठ किलो

डिसेंबरात पांढरकवड्याकडच्या जिनिंगांवर सकाळपासून कापसाच्या गाड्यांची रांग लागते. त्यातल्या एका जिनिंगच्या काट्याचं वेब ॲप मी सांभाळतो. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी, काटापट्टी. त्या दिवशी अकराच्या सुमारास एक काका पट्टी घेऊन आले. "भाऊ, माहा कापूस चौदा क्विंटल साठ. पट्टीवर चौदाच कसे?"

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे साठ किलोचे ४,८६६ रुपये पट्टीतून गायब.

चूक माझी होती. आदल्या रात्री चढवलेल्या कोडमध्ये किलोला शंभराने भागताना एका तिरप्या रेषेऐवजी दोन पडल्या होत्या. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दोन रेषांचा भागाकार अपूर्णांक सोडून देतो. १४६० चे थेट १४. काढायचं होतं एकच अक्षर. पण आमचं पूर्ण डिप्लॉय, म्हणजे अख्खं ॲप सर्व्हरवर नव्याने चढवणं, हे साडेचारशे एमबीचं गाठोडं, नि तोवर ॲप बंद. मोबाइलला रेंजची एकच कांडी, आणि काट्यावर भरली गाडी उभी.

म्हणून आधी सर्व्हरवर टीमक्स उघडलं. त्यातलं काम सर्व्हरवरच चालू राहतं, म्हणजे रेंज गेली तरी काम अर्धवट तुटणार नाही. जुन्या फाइलची प्रत बाजूला ठेवली. दुरुस्त केलेली तेवढी एक फाइल आरसिंक या फाइल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने पाठवली. आरसिंक आधी तात्पुरती फाइल पूर्ण लिहितो, मग नाव बदलून जागेवर बसवतो. मध्येच रेंज तुटली तर जुनी फाइल शाबूत राहते. दोनदा तुटली, तिसऱ्यांदा गेली.

आमचं ॲप सर्व्हरवर गनिकॉर्न चालवतो. त्यात एक मास्टर प्रोसेस असते, नि प्रत्यक्ष काम करणारे वर्कर तिच्या हाताखाली. मग त्या मास्टरला एचयूपी, म्हणजे वर्कर नव्याने उठव असा सिग्नल दिला. नवे वर्कर उठले, पण पट्टीवर पुन्हा पूर्णच क्विंटल! इथे माझी वीस मिनिटं गेली. मेमरी वाचावी म्हणून मी प्रीलोड चालू ठेवलं होतं. प्रीलोडमध्ये कोड मास्टर स्वतः आधी वाचून ठेवतो, आणि एचयूपीने उठलेले वर्कर त्याच्याकडचं जुनंच कोड घेतात. तिथे लागतो यूएसआर२ हा दुसरा सिग्नल. त्याने त्याच सॉकेटवर, म्हणजे जिथे ॲपकडे मागण्या येतात त्याच जोडणीवर, दुसरा मास्टर नवं कोड घेऊन उभा राहतो. तो उठल्याचं लॉगमध्ये दिसताच जुन्याला विंच हा सिग्नल दिला. त्याचे वर्कर हातातलं काम संपवून थांबले. जुना मास्टर मात्र तसाच ठेवला, बिघडलं तर परतायला वाट हवी. पट्टीवर १४.६० आलं, तेव्हा जुन्या मास्टरला बंद होण्याचा क्विट सिग्नल दिला. काटा एकदाही थांबला नाही.

मूळ वजनं डेटाबेसमध्ये किलोतच होती, म्हणून सकाळपासूनच्या सगळ्या पट्ट्या नव्याने छापता आल्या. काकांनी आपली पट्टी दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली. जे निघून गेले होते त्यांना मी एकेक करून फोन लावले. संध्याकाळी पहिलं काम केलं ते ती दुरुस्ती गिटमध्ये, म्हणजे कोडच्या मूळ साठ्यात, कमिट करण्याचं, नाहीतर पुढच्या पूर्ण डिप्लॉयमध्ये त्या दोन रेषा परत आल्या असत्या.