वास कसला येतोय गं?

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी भर दुपारी आत्या आली. चर्नी रोडहून पार्ल्याला स्लो लोकलने, मग दोन जिने, प्रत्येक पायरीवर गुडघ्याची समजूत घालत. चपला काढल्या, पिशवी सोफ्यावर ठेवली आणि पाणी मागायच्याही आधी नाक वर करून विचारलं,

"आज मासे केलेस?"

मी हादरलेच. आमच्याकडे गटारीनंतर माशांचा तवा माळ्यावर जातो तो गणपती गेल्यावरच खाली येतो.

"अगं आत्या, सोमवार आहे. साबुदाण्याची खिचडी केलीय."

"मग हा वशट वास कसला?"

मी जोरात श्वास घेऊन पाहिला. मला दाण्याच्या कुटाचा वास आला, जिरं-तुपाचा आला, दोरीवर तीन दिवस लटकलेल्या टॉवेलचा आला. वशट काही येईना. आत्या मात्र पदर खोचून मागावर निघाली. सिंक पाहिलं, फ्रीज उघडला, कचऱ्याच्या डब्यात डोकावली, आणि शेवटी दिवाणखान्याच्या कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीपाशी थांबली. झाकण उचललं, वाकली आणि लगेच ताठ झाली.

"हे बघ तुझे मासे. न शिजवताच दरवळतायत."

टाकी खरं तर लेकाची. सातवीत असताना त्याने जेवण सोडण्याची धमकी देऊन मिळवलेली, दोन फुटी. क्रॉफर्ड मार्केटातून पाण्याने फुगलेल्या पिशव्या छातीशी धरून आम्ही लोकलने आलो होतो. त्या गर्दीत मला कोणी जागा दिली नसती. माशांना मात्र खिडकी मिळाली. लेक आता बंगळुरूला आहे. चार मॉली, दोन गोल्डफिश आणि एक सकर माझ्याकडे आहेत. हा सकर 'टाकी साफ ठेवतो' असं सांगून दुकानदाराने गळ्यात मारला होता. काचेवरचं शेवाळ तो खातो हे खरं, पण खाल्लेलं कुठे जातं हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

आत्याच्या नाकाबद्दल सांगायलाच हवं. लहानपणी मे महिन्यात आम्ही भावंडं गिरगावात तिच्याकडे राहायला असायचो, आणि एक दिवस तारापोरवाला मत्स्यालयाचा ठरलेला. रेल्वेचा पूल ओलांडला की समोर समुद्र आणि अलीकडे मत्स्यालय. आत शिरलं की एकदम अंधार, गारवा, हिरवट उजेड, आणि ओल्या गोणपाटासारखा खारट वास. आम्ही काचेला नाकं चिकटवून उभे. आत्याच्या नाकाला पदर, पण तोंड चालू. हा गोबरा, याचं डोकं आमटीत घालायचं. हा नुसता दिसायला, काट्यांशिवाय काही नाही. दुसऱ्यांची मुलंसुद्धा आमच्यामागून ऐकत चालायची. रखवालदार काचेला हात लावू नका म्हणून ओरडायचा, आणि एकदा तर तोच थांबून विचारत होता की बोंबील ओले असतील तर पाणी कसं काढायचं.

मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालं. त्या दिवशी आपण वडिलांच्या खांद्यावर बसून तिथे होतो असा आत्याचा दावा आहे. ती तेव्हा चार वर्षांची असेल-नसेल, त्यामुळे घरात यावर कोणाचाच विश्वास नाही. पण तिला राष्ट्रपती आठवत नाहीत, भाषण आठवत नाही. नव्या ऑइलपेंटचा वास आठवतो म्हणते. मला हे खरं वाटतं.

तर वास. गोड्या पाण्यातल्या जिवंत माशाला आपण ज्याला माशाचा वास म्हणतो तो नसतोच म्हणे. समुद्रातल्या माशांच्या अंगात खारटपणाशी जुळवून घ्यायला एक द्रव्य असतं, मासा मेला की जिवाणू त्याचं रूपांतर करतात आणि कोळणीच्या टोपलीतला तो ओळखीचा वास सुटतो. नदी-तळ्यातल्या माशात ते द्रव्य नावापुरतंच. त्यांना लागतो तो मातीचा वास. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण "गोड्या पाण्यातला मासा म्हणजे चिखल" हा तिचा निकाल होता. बाबांच्या ऑफिसातले एक बंगाली गृहस्थ दर हिवाळ्यात प्रेमाने रोहू पाठवायचे आणि आई तो चिंचेच्या कोळात असा बुडवायची की जणू त्याला शिक्षाच झालीय. पुढे कळलं की त्या मातकट वासाच्या द्रव्याला जिओस्मिन म्हणतात आणि आंबटाने ते मोडतं. म्हणजे आई बरोबर होती, चिडून का होईना.

गंमत म्हणजे पहिल्या पावसानंतर येणाऱ्या वासातही हेच जिओस्मिन. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी त्या वासाचं 'पेट्रिकोर' असं बारसं केलं. कनौजचे अत्तरवाले त्याच्या कितीतरी आधीपासून तो कुप्यांत भरून विकत होते. तोच वास ताटात आला की आपण नाक मुरडतो. चांगल्या टाकीचं झाकण उघडलं की असाच, ओल्या कुंडीसारखा वास यावा. आमच्या टाकीला मात्र आत्या म्हणाली तोच येत होता. मला नाक अगदी पाण्याला टेकवल्यावर कळला, आणि मग अंगावर काटा आला.

चूक शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आम्ही चार दिवस कोल्हापूरला गेलो तेव्हा शेजारच्या मुलाला खाणं घालायला सांगितलं होतं. चिमूटभर म्हटलं होतं. चिमूट कोणाची हे सांगायचं राहिलं. त्याने मायेने मूठमूठ घातलं. आल्यावर मोजणीत एक मॉली कमी भरली ती मी मनावर घेतली नाही. ती प्लॅस्टिकच्या किल्ल्यामागे होती. त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

पण मुख्य गुन्हेगार मीच. मला घासायची खोड आहे. फिल्टरमधला स्पंज काळाकुट्ट दिसला म्हणून परत आल्या आल्या तो नळाखाली धरून, पिळून पिळून, पांढरा होईपर्यंत धुतला. त्या काळेपणातच टाकीचा संसार राहत होता. माशांच्या विष्ठेतून आणि कुजक्या खाण्यातून अमोनिया होतो, काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि मासे जगतात. महापालिका तानसा-भातसाचं पाणी क्लोरीन घालून आपल्यापर्यंत पोचवते ते जिवाणू मरावेत म्हणूनच. त्या पाण्याला काय माहीत माझ्या स्पंजमधले चांगले कोण. इतकं स्वच्छ करून मी टाकी घाण केली!

तळाची खडीही मीच हौसेने तीन-चार इंच टाकलेली, निळी-पांढरी. नळी खुपसून गाळ ओढायला लागले तर खालून काळं पाणी आलं, दोन मोठे बुडबुडे वर आले, आणि एकदम सडक्या अंड्याचा वास. क्षणात मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत, हाच वायू तयार करायच्या काचेच्या उपकरणापाशी, किप्स ॲपरेटसपाशी. मग लगेच माहीमच्या खाडीवर. चिखलात हवा पोचली नाही की खडीखाली काय आणि खाडीत काय, तोच हायड्रोजन सल्फाइड. वांद्रे-माहीम मधल्या त्या पुलावर डबाभर माणसं एकाच वेळी श्वास रोखतात, ओळख नसताना. मी तर वर्षानुवर्षं त्या वासावर झोपेतून उठले आहे: आता माहीम, मग माटुंगा, मग दादरला उतरायचं.

टाकी पूर्ण रिकामी करून घासावी असं हात शिवशिवत होते, पण आवरलं. एक दिवसाआड पाव टाकी पाणी काढायचं, रात्रभर बादलीत ठेवलेलं पाणी घालायचं, स्पंज धुवायचाच तर टाकीतून काढलेल्याच पाण्यात आणि तोही नुसता हलवून. खडी अर्धी काढली. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. गोल्डफिश काचेपाशी येऊन उपाशी असल्याचं नाटक करतात, तिकडे बघायचं नाही.

पण मला टोचत राहिलं ते हे की मला वास आला कसा नाही? एवढं कुजत होतं, मी त्याच्या शेजारी बसून पेपर वाचत होते. पार्लेकरांना तसं आश्चर्य वाटायला नको. स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की बिस्किटांचा गोड, भाजका वास यायचा. बाहेरचे लोक म्हणायचे, तुमची मजा आहे. आम्ही म्हणायचो, कसली? २०१६ मध्ये कारखाना बंद झाला आणि काही दिवसांनी स्टेशनवर काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. नवरा म्हणाला, इंडिकेटर बदललाय बहुतेक.

गणपती झाले. टाकीचा वास गेला असावा. कामाच्या मावशींना मुद्दाम झाकण उघडून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ताई, मला पहिल्यापासून येत होता, म्हटलं तुमच्याकडे तसाच असतो."

मग एका शुक्रवारी प्रसादाचे उरलेले लाडू घेऊन मी आत्याकडे गेले. वर्ष झालं असेल तिच्या खोलीवर जाऊन. हल्ली तीच येते. तिसरा मजला, अंधारा जिना, दाराला जुनी कडी. तिने दार उघडलं. केस चापून विंचरलेले, पावडर लावलेली, साडीला इस्त्री.

आणि वास आला. कोंदट गाद्यांचा, गुडघ्याच्या तेलाचा, नासलेल्या दुधाचा, आणि त्या सगळ्याखाली लघवीचा. मी पदर नाकाकडे नेला नाही. खुर्चीत बसले. तिने स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं, कपबशी पुसली, उजेडात धरून पाहिली, पुन्हा पुसली. चहा घेऊन माझ्यासमोर बसली.

"काय गं, तुझ्या टाकीचा वास गेला का?"

"गेला."

"तरी मी सांगितलं म्हणून. तुला मेलीला कधी कळलं नसतं."

"नसतंच कळलं," मी म्हटलं आणि खिडकी उघडायला उठले.

"अगं, पाऊस आत येईल."

"येऊ दे थोडा."