वेळास: टोपलीखाली काहीच नव्हतं

बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी चढवली, सावित्रीची खाडी ओलांडली आणि बाणकोटचा किल्ला उरकला. उरकलाच म्हणायचं. 1755 मध्ये कमोडोर जेम्सने तो आंग्र्यांकडून घेतला, इंग्रजांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया केलं, हे सगळं बायकोला जांभ्याच्या तटावर घाईघाईत सांगितलं, कारण वेळासला संध्याकाळी कासवांच्या घरट्यांवरची टोपली उचलतात, ती वेळ गाठायची होती.

वेळास म्हणजे नाना फडणविसांचं मूळ गाव. किनारा गावातून दिसतच नाही. वाडीतून बाहेर पडून सुरूचं बन ओलांडलं की एकदम उघडतो. ना घोडागाडी, ना भेळ. ओहोटीने मागे ठेवलेली काळपट ओली वाळू आणि कुंपणातली घरटी. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री येते, हातभर खड्डा करते, शंभरेक अंडी घालते आणि मागे न बघता निघून जाते. पूर्वी ही अंडी लोक उकरून न्यायचे. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावाला सोबत घेऊन ती राखायला सुरुवात केली.

कासवमित्राने टोपली उचलली. खाली वाळू. दुसरी उचलली, तीही वाळूच.

"एवढं पुण्याहून आलो आणि हे?" मागून एक गृहस्थ. जणू त्याने पिल्लं खिशात लपवली होती! तो शांतपणे म्हणाला, "आज नाय तर उद्या येतील." मला त्या गृहस्थांचा भयंकर राग आला. रात्री काकूंच्या ओसरीवर कुळथाची पिठी ओरपत मी पर्यटकांच्या अडाणीपणावर बायकोला बरंच ऐकवलं.

सकाळी एकच पिल्लू निघालं. तळहाताच्या निम्मं, पाठीवर वाळू चिकटलेली. दोरीपलीकडे सोडलं तसं वल्ह्यासारखे पाय मारत निघालं. मागे बारीक नक्षी उमटत होती. चार पावलं चालायचं, थांबायचं. लाट आली, उलटं टाकून गेली. पुन्हा सुरू. दुसऱ्या लाटेनेही मागे आणलं. तेव्हा एक लहान मुलगी माझ्या पुढे आली आणि मी, होय मीच, तिला कोपराने बाजूला सारून मोबाईल पुढे केला. तिची आई नुसती बघत राहिली.

तिसऱ्या लाटेत ते गेलं.

घरी येऊन व्हिडिओ लावला. पिल्लू कुठेच नाही. पुण्याच्या त्या गृहस्थांची हाफ पँट तेवढी आहे, साडेतीन मिनिटं.